सरदाराच्या हातातलं पत्र

गिरजा गेली तेव्हा मी पंधरा कार्डं लिहिली, आणि एकाचाही कोपरा फाडला नाही.

आमच्याकडं मौतीचं पत्र कोपरा फाडून पाठवतात. पोस्टमननं हातात ठेवलं की आधी कोपऱ्याकडं नजर जाते, आणि माणूस खाली बसून घेतो. मग वाचायचं. वाचून झालं की फाडायचं आणि घराबाहेर टाकायचं. घरात ठेवायचं नाही, देवळीत नाही, ट्रंकेत नाही. मौतीची खबर घरात राहिली की ती आणखी कोणाला तरी शोधते, असं म्हणतात. माझ्या कार्डांचे कोपरे शाबूत होते, म्हणून लोकांनी ती उभ्या-उभ्या वाचली. गिरजाचा भाऊ, माझा साळा, पिंपळगाव राजाचा. तेराव्याला आला आणि पंगतीत सगळ्यांसमोर बोलला, "भाऊजी, तुमाले एवढी रीत माईत नाही का? म्या समजलो, कोणाच्या तरी सोयरिकीचं कार्ड हाय. हासत हासत वाचाले घेतलं म्या."

 पंधरा वेळा माझं बोट कोपऱ्यापर्यंत गेलं आणि पंधरा वेळा मागं आलं. का, ते सांगायला बंगल्यापर्यंत जावं लागतं. मी चौथी शिकलेला माणूस. जसं आठवतं तसं लिहितो.

परवा बंगल्यावर गेलो. जळगाव जामोदच्या बाहेर, सातपुड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर जुना दवाखाना आहे, त्याच्या मागं. मी तिथं चौकीदार होतो, माळी होतो, पाणक्या होतो. जे पडेल ते. आता दवाखाना बंद आहे, पण चावी माझ्याचकडं राहिली. कुलूप उघडलं की पहिला वास फिनेलचा येतो. किती वर्षं झाली फिनेलची बाटली तिथं नाही, तरी भिंतींनी तो वास सोडला नाही. त्याच्यामागून जुन्या लाकडाचा, वाळवीचा, आणि अगदी शेवटी जवसाच्या तेलाचा. तो शेवटचा वास चित्राचा.

महाराष्ट्र झालं त्या उन्हाळ्यात ते चित्र आलं. शाळेत पोरांना पेढे वाटले होते, तहसिलीवर पताका लावल्या होत्या, त्या उन्हात फिक्या पडून गेल्या तरी कोणी काढल्या नव्हत्या. दवाखान्याची बाई डेन्मार्क देशाची. नर्सबाई होती, पण गावाच्या हिशोबानं डॉक्टरच. उंच, हाडकुळी, मान उन्हानं विटेसारखी लाल झालेली. आमची बोली ती दवाखान्यातल्या बायांकडूनच शिकली, म्हणून बोलायची ती अस्सल वऱ्हाडी. शिकलेला कोणी पुण्या-मुंबईचा साहेब आला आणि बाईनं त्याला "काऊन बे, दवाई काऊन नाही घेतली?" असं दरडावलं, की तो घाबरून दोन्ही गोळ्या एकदम गिळायचा.

तिकडं तिच्या घराची वाटणी झाली. भावांना जमीन, घर गेलं, आणि हिच्या वाट्याला भिंतीवरच्या चित्रातला म्हातारा आला. लाकडी पेटीत बंद होऊन जहाजानं मुंबईला, मुंबईहून रेल्वेनं नांदुऱ्याला. बाईनं मला बैलबंडी घेऊन पाठवलं. जाताना दहा वेळा सांगितलं, हळू उतरव.

नांदुऱ्याच्या फलाटावर दुपार कशी होती ते आजही अंगाला लागते. कोळशाचा धूर, गोणपाटाचा वास, रुळांवर नाचणारी झळ. पेटी माझ्यापेक्षा उंच. एका बाजूनं हमाल, एका बाजूनं मी. अर्ध्या वाटेवर मला बिडीची तलफ आली. एक हात सोडला आणि काडी ओढली. तेवढंच. पेटी कोपऱ्यावर आदळली. आतून आवाज आला. मोठा नाही, पापड मोडल्यासारखा. हमालानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आत माणूस हाय का बे? कन्हल्यावानी वाटलं." मी हसलो. तोही हसला. मग आम्ही पेटी बंडीत टाकली.

पूर्णा नदी तेव्हा आटलेली होती. पात्रात टरबुजांच्या वाड्या, मधूनच दोन हात पाणी. बैल पाण्यात थांबले. मी मागं वळून पेटीकडं पाहिलं आणि मला कोणी तरी आतून पाहत असल्यासारखं झालं. नाक्यावर मी टरबूज घेतलं, बाईसाठी. कशासाठी, ते माझं मला माहीत.

पेटी उघडली तेव्हा गिरजाही होती. तिला दिवस जाऊन चार महिने झाले होते. लाकडाचा भुसा, वाळलं गवत, जाड कागद, सगळं तिनंच गोळा करून नेलं, कोंबड्यांच्या खुराड्यात टाकायला. आणि मग तो उभा राहिला, भिंतीला टेकून.

बाईच्या आजीचा आजा. दीडशे वर्षांपूर्वीचा तिकडचा सरदार. त्याच्या मालकीचं बेट होतं, राजाच्या दरबारी उठबस होती. काळसर निळा डगला, गळ्याशी कानापर्यंत उभा पांढरा पट्टा, छातीवर चांदीचा तारा. मागं खिडकी, आणि खिडकीत समुद्र. आम्ही समुद्र पाहिला नव्हता, पण तो समुद्र राखेच्या रंगाचा होता आणि हलत नव्हता. बाई म्हणाली, तो गोठला आहे. पाणी गोठतं आणि त्यावरून माणसं चालतात हे ऐकून गिरजानं पदर तोंडाला लावला. सरदाराचे डोळे फिके, ताकाच्या निवळीसारखे. दाराकडं पाहणारे. एक हात तलवारीच्या मुठीवर. दुसऱ्या हातात पत्र. आणि त्या पत्राचा वरचा कोपरा उडालेला होता. नखाएवढा रंग निघून आतलं भुरं कापड दिसत होतं.

बाईनं त्यावर बोट फिरवलं. म्हणाली, "जहाजात झालं असंन. एवढ्या दुरून आला बिचारा." मी टरबूज चिरायला घेतलं.

गिरजा मात्र तिथंच उभी होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कार्डाचा कोपरा तिला कळत होता. तिच्या मायची खबर तशाच कार्डानं आली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, हे पत्र मौतीचं हाय."

बाईनं तिला समजावलं. ते राजाचं पत्र आहे, मानाचं आहे. आणि तिच्या देशात मौतीच्या पत्राला काळी किनार असते, कोपरा नाही फाडत. याला कुठं काळी किनार आहे? गिरजानं सगळं ऐकून घेतलं. मग जे बोलली ते मी आजवर विसरलो नाही.

"पत्र कुठूनबी येवो बाई. ज्या गावात पोचते, त्या गावाची रीत त्याले लागते. अन् हे तं फाडताबी येत नाही."

घरी जाताना तिनं मला विचारलं, "तो कोपरा कोणं फाडला असंन हो?" मी म्हणालो, मला काय माहीत. ती पहिली वेळ.

चित्र पुढच्या खोलीत दारासमोर लागलं. तिथंच दवाखान्यातल्या बाया टेकायच्या. हळूहळू सगळ्यांना सरदाराची ओळख झाली. पहाडाखालच्या वाडीतली एक म्हातारी आली होती. तिनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि बाईला विचारलं, "हा तुहा मालक हाय का वं?"

"नाही माय, माह्या आजीचा आजा हाय."

"मंग त्याचं पोट दुखते का? तोंड असं काऊन करून राह्यला? त्याले आधी जमालगोटा दे, मंग मले पाह्य."

बाई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्या वर्षी हसणं बरंच होतं. आठवायला बसलं की तेच आधी येतं, आणि त्याची भीती वाटते. कापसाच्या पऱ्हाटीच्या धुराचा वास, दवाखान्याच्या चुलीवर उकळणाऱ्या सुया, निंबाचा मोहर व्हरांड्यात पडून त्याची पिवळी रांगोळी झालेली. सातपुड्यावरून गार वारा उतरायचा, त्यात मोहाचा वास असायचा. बाई संध्याकाळी आरामखुर्चीत बसून तिच्या भाषेत काही गुणगुणायची. आणि या सगळ्याच्या मधोमध तो उभा, हातातलं पत्र पुढं करून. जणू कोणी तरी येऊन घ्यावं म्हणून थांबलेला.

गिरजा त्या खोलीत झाडू मारायला जायची ती भिंतीकडं पाठ करून. बाळंतपण होईपर्यंत तिनं पोटावर पदराचे दोन वेढे घेतले. पोळा झाल्यावर चंद्री झाली, बाईच्याच हातावर. ठणठणीत, काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची. मला वाटलं, सुटलो.

चंद्री त्या व्हरांड्यात रांगली, त्या खोलीच्या उंबऱ्याला धरून उभी राहिली. पोरीला सगळ्या बंगल्यात आवडायचं ते एकच. सरदार. सकाळी मी दार उघडलं की ती दुडदुडत जायची, चित्रापुढं उभी राहायची, हात वर करायची आणि म्हणायची, "दे."

पत्र मागायची.

पहिल्यांदा आम्ही हसलो. बाईसुद्धा हसली, म्हणाली, अडाणी माय-बापाची पोरगी, पण वाचनाची आवड बघा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गिरजा धावत येऊन तिचा हात खाली ओढायची. पोरगी दुसरा हात वर करायची. "दे." मी तिच्यासाठी जुनी कार्डं आणून दिली, बाईच्या पाकिटांवरची परदेशी तिकिटं दिली. ती फेकून द्यायची. तिला तेच पाहिजे होतं. दीड वर्ष रोज सकाळी ती त्याच्याकडं मागत राहिली, आणि रोज सकाळी मला नांदुऱ्याच्या फलाटावरचा तो आवाज ऐकू यायचा, पापड मोडल्याचा. बाईला सांगावं, गिरजाला सांगावं, असं दातापर्यंत यायचं. एवढंच तर बोलायचं होतं, की माझ्या हातून पडलं. पण आधी नोकरीची भीती होती. आणि नंतर ज्याची भीती होती त्याला नाव नाही.

माघातल्या एका सकाळी मी दार उघडलं. चंद्री माझ्यासोबत आली, चित्रापुढं उभी राहिली, आणि तिनं हात वर केला नाही. मिळाल्यासारखी शांत उभी होती. मी तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

पुढचं लिहीत नाही. बाई तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. पहाडाखालची म्हातारी येऊन ओट्यावर बसली आणि त्या दिवशी तिनं सरदाराला काही म्हटलं नाही.

माती देऊन आलो. गिरजा चुलीपुढं बसलेली, चूल विझलेली. तिनं माझ्याकडं न पाहता विचारलं, "तो कोपरा कोणं फाडला हो?" मी म्हणालो, जहाजात फाटला. बाईनं सांगितलं नव्हतं का? ती दुसरी वेळ.

त्यानंतर आम्हाला लेकरू झालं नाही.

बाई पुढं दहा-बारा वर्षं राहिली. मग म्हातारी झाली आणि तिकडून बोलावणं आलं. जाताना सगळं वाटलं. खुर्ची मला दिली, शिलाई मशीन गिरजाला. चित्रापुढं उभी राहिली आणि मला म्हणाली, "हा इथंच राहू दे. त्याले तुही सवय झाली." मी म्हणणार होतो, घेऊन जा बाई, पाया पडतो. पण ते म्हणालोच नाही. तिची मोटार गेली तेव्हा धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

मग मी आणि तो. दर शनिवारी जाऊन दार उघडायचो, चौकट पुसायचो. पहिल्याच पावसाळ्यानंतर माझ्या ध्यानात आलं की कोपरा वाढला आहे. नखाएवढा होता, तो अंगठ्याएवढा झाला. पुढं रुपयाएवढा. रंगाच्या बारीक कपच्या खाली चौकटीत पडलेल्या सापडायच्या, आणि भुरं कापड सरदाराच्या बोटांकडं सरकत चाललेलं. त्याच्या तोंडाला धक्का नाही, ताऱ्याला नाही, समुद्राला नाही. फाटत होतं ते पत्रच. पाली सगळ्या भिंतीवर फिरायच्या. त्या चौकटीवर मी कधी पाल पाहिली नाही.

गिरजानं चंद्रीनंतर त्या खोलीत पाय टाकला नाही. पण शनिवारी मी परत आलो की भाकर वाढता वाढता एकच विचारायची, "केवढा झाला?" मी म्हणायचो, "तेवढाच हाय." तीस वर्षं दर शनिवारी. ती मान हलवायची आणि वरून तेल वाढायची.

मागच्या पौषात ती अंथरुणाला लागली. अंगात काही उरलं नव्हतं, पण कुंकवाचा करंडा उशाखाली ठेवायची, हात लावू द्यायची नाही. लाकडी, झाकणात आरसा असलेला, लग्नातला. एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपली. तिनं तसंच विचारलं, "आता तरी सांगा. तो कोपरा कोणं फाडला?"

 मी म्हणालो, "उंदरानं खाल्ला असंन."

ती हसली. खरंच हसली, बाईच्या काळात हसायची तशी. म्हणाली, "मोठा उंदीर असंन मंग." आणि भिंतीकडं तोंड केलं. ती तिसरी वेळ. चौथी आली नाही.

बायांनी मळवट भरायला कुंकू मागितलं तेव्हा मी तो करंडा काढून दिला. परत आला तो तसाच ट्रंकेवर ठेवला. तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा उघडून पाहिला. झाकणातला आरसा सैल झालेला होता, हातात आला. त्यामागं कागदाची घडी. घडीत नखाएवढा रंगाचा तुकडा. एका बाजूनं पांढरट, दुसऱ्या बाजूनं भुरा. त्याला लाकडाच्या भुशाचा एक कण चिकटलेला होता, अजून.

म्हणजे पहिल्याच दिवशी. कोंबड्यांसाठी भुसा नेला, त्यात तिला तो सापडला होता. तिला पेटीची फुटलेली कडा दिसली असेल, त्यावरची नांदुऱ्याची काळी कोळशाची भुकटी दिसली असेल. जहाजात फुटलेल्या पेटीतला तुकडा भुशात वरच्यावर कसा राहील, हे तिला कळलं असेल. मला एवढंच ठाऊक आहे, की तो प्रश्न तिनं साऱ्या जन्मात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारला नाही. तिला उत्तर नको होतं. तिला ते माझ्या तोंडून पाहिजे होतं.

कार्डं लिहिली तेव्हा हे ठाऊक नव्हतं, तरी कोपरे फाडवले नाहीत. एक फाडला होता, तो पुरे झाला.

परवा गेलो ते त्याच्यासाठीच. दवाखान्याच्या संस्थेनं चित्र मुंबईच्या एका संग्रहालयाला देऊन टाकलं आणि न्यायला एक मुलगी आली होती. चष्मा, पांढरे हातमोजे, बोलायला गोड. सोबत दोन माणसं आणि छोटा ट्रक. करंडा माझ्या अंगातल्या बंडीच्या खिशात होता. तिनं सरदाराला भिंतीवरून उतरवलं, टेबलावर आडवं निजवलं. आडवा पाहिला तर तोही प्रेतासारखाच दिसत होता. फक्त डोळे उघडे.

तिनं भिंग लावून पत्राकडं पाहिलं. "आजोबा, हे नुकसान कधीचं आहे, काही कल्पना आहे?"

मी म्हणालो, "माह्या हातून पडलं. नांदुऱ्याच्या फलाटावर. बिडी पेटवाले एक हात सोडला होता म्या."

बस. एवढंच होतं ते. दोन श्वासांचं काम. छप्पर पडलं नाही. मुलीनं "बरं" म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. म्हणाली, एकदा एका जागी सुटला की रंग असाच सुटत जातो, तेव्हाच बसवला असता तर एवढा वाढला नसता. मग तिनं वर पाहून विचारलं, "तो पहिला तुकडा कोणी ठेवला होता का? मूळ रंग कळला असता. कोपरा पुन्हा करता आला असता."

माझा हात खिशात गेला. करंडा गरम झाला होता, अंगाच्या उबेनं. तुकडा देऊन टाकला तर कोपरा जागेवर बसेल. साधं पत्र होईल ते, राजाचं, मानाचं. पण मग गिरजानं आरशामागं ठेवलेलं माझ्याजवळ काय उरलं? तिचं माझं असं दुसरं काही नाही. एक पोरगी होती.

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी नवी पेटी आणली होती. कागद, पांढरा स्पंज, त्यावर झाकण. खिळे नाहीत, स्क्रू. झाकण येईपर्यंत तो माझ्याकडं पाहत होता, आणि पत्र पुढं केलेलंच. मला राहवलं नाही. मी मुलीला म्हणालो, "पोरी, एक ऐक. हा कुठंबी लावा, पण लेकरं येतात तिथं नका लावू."

ती हसली. म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे येतात त्या शाळांच्या सहलीच. सगळी लेकरंच असतात."

ट्रक सुरू झाला. मी ओट्यावर उभा होतो. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा मला त्या सगळ्या पोरांचे वर केलेले हात दिसले, शेकड्यांनी. मी करंडा काढला, ओट्यावरून उतरलो, आणि गाडीमागं पळालो. या वयात किती पळणार. धुळीत उभा राहून मी हात उंच केला, करंड्यासकट, आणि हलवत राहिलो.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. त्याला वाटलं, म्हातारा निरोप देऊन राह्यला. त्यानंही खिडकीतून हात काढून हलवला, एकदा भोंगा वाजवला, आणि गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली.